मेन डोअरची काच: उजेड आत हवा, पण घर रस्त्यावर नको

नवीन घरात येऊन आता आठ महिने झाले आणि या आठ महिन्यांत जो कोणी पहिल्यांदा घरी आला त्यानं दारातच थांबून दोनपैकी एक प्रश्न विचारलाच, ही काच कोणती लावली, नाहीतर मेन डोअरला काच लावायची भीती नाही का वाटली. दरवेळी मी उभ्या उभ्या अर्धं काहीतरी सांगते आणि चहा ठेवायला आत जाते, म्हणून आता सगळं नीट लिहूनच काढते, कारण या एका काचेपायी आम्ही दोन-अडीच महिने घातले आणि त्यात जे कळलं ते आम्हाला कोणत्याच दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.

आधी आम्ही नागपुरात महाल भागात राहायचो. जुनं घर, गल्ली इतकी अरुंद की समोरच्यांच्या फोडणीचा वास आपल्या हॉलमधे, आणि दार सकाळी सहाला उघडलं की रात्री जेवणं झाल्यावरच बंद व्हायचं, मधे फक्त एक कॉटनचा पडदा. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराजवळच बसायच्या. तिथेच तांदूळ निवडणं, तिथेच पेपर, तिथूनच भाजीवाल्याशी घासाघीस. आता शहराच्या कडेला बेसाला प्लॉट घेऊन घर बांधलं, तीस बाय पन्नासचा प्लॉट, दार उत्तरेला, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती जवळजवळ खेटून. त्यामुळे हॉलला उजेड येणार तो फक्त समोरून, आणि समोर तर कार पोर्च. खिडकी आहे पण ती पोर्चच्या स्लॅबखाली येते. नकाशावर हे सगळं दिसत होतं तरी आमच्या लक्षात आलं नाही. नकाशा पांढऱ्या कागदावर असतो, त्यात अंधार दिसत नाही.

लक्षात आलं ते आई पहिल्यांदा बांधकाम बघायला आल्या त्या दिवशी. चौकट बसली होती आणि मिस्त्रींनी रात्री कुत्री आत येऊ नयेत म्हणून तिला प्लायचा तुकडा ठोकून ठेवला होता. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर लख्ख ऊन, आणि आई हॉलमधे उभ्या राहून भिंत चाचपून राहिल्या होत्या. म्हणाल्या, "एवढ्या पैशाचं घर बांधलं अन् मले भर दुपारी लाइट लावून बसवता का बाप्पा?"

त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. वय झालं की डोळ्याची बाहुली पूर्वीसारखी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर होत जातं, म्हणून ज्या उजेडात मला पेपर वाचता येतो त्यात त्यांना नुसत्या काळ्या ओळी दिसतात. आणि दिवसभर घरात त्याच असतात, आम्ही दोघं नोकरीवर, लेक शाळेत. म्हणजे ज्या माणसाला उजेड सगळ्यात जास्त लागतो त्याच माणसाला आम्ही सगळ्यात अंधाऱ्या खोलीत बसवणार होतो.

नवरा म्हणाला दार उघडं ठेवू, त्यात काय. पण नागपुरात मार्चच्या शेवटापासून जून अर्ध्यावर येईपर्यंत दुपारी दार उघडं कोण ठेवतं, मेमधे तर पंचेचाळीसच्या वर पारा आणि ती झळ, आणि आमच्या भागात अजून रिकामे प्लॉट भरपूर असल्यामुळे धूळ वेगळीच. शिवाय महालची गल्ली म्हणजे सगळी ओळखीची माणसं, इथे समोर तीस फुटांचा रोड, कोण येतं कोण जातं काही ठाऊक नाही. घरात एकटी म्हातारी बाई बसली आहे हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसावं का? मला ते अजिबात नको होतं. तर असा प्रश्न होता, उजेड तर हवा पण आतलं दिसायला नको, आणि दार बंद असताना.

लाकडाचं पहिल्यापासून ठरलेलं होतं, सागवान. आपल्याकडे राहून दुसरं लाकूड लावायचं मनालाच येत नाही, दिल्लीच्या नवीन संसदेचं सागवान नागपूरहून गेलंय म्हटल्यावर आपल्या दाराला तरी तेच असू दे. लकडगंजात, म्हणजे इथल्या लाकडाच्या बाजारात, जाऊन माल पसंत केला. मिस्त्री भाऊंना म्हटलं की अख्खा पल्ला लाकडाचाच ठेवा, पण बाजूला एक फूट रुंदीची उभी फिक्स पट्टी काढा आणि वर सव्वा फूट उंचीचा झरोका. हे त्यांनीच सुचवलं खरं तर. पल्ल्यातच काच टाकली की दार आपटल्यावर धक्का काचेला, आणि सागवानाच्या पल्ल्याचं वजन असतंच. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली जी मी आता सगळ्यांना सांगते, उभी काच नेहमी बिजागरीच्या बाजूला घ्यायची, कडी-लॉकच्या बाजूला नाही. लॉकच्या बाजूला असली आणि कोणी फोडली तर हात आत घालून कडी उघडायला दोन सेकंद. बिजागरीकडून हात घातला तर कडी साडेतीन फूट लांब.

आता काच. पहिल्यांदा आम्ही चुकलोच. तीन दुकानं फिरलो आणि तिन्ही ठिकाणी काच दाखवायची पद्धत एकच, ट्यूबलाइटखाली पांढऱ्या भिंतीला टेकवून. भिंतीला टेकवलेली कोणतीही काच छानच दिसते. एकानं सॅन्डब्लास्टमधे वेलबुट्टी काढून देतो म्हटलं, ती आम्हाला आवडली, करून घेतली, बसवली. खरबरीत बाजू बाहेर आली होती, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मग जुलैमधे पाऊस तिरपा आला, काच ओली झाली आणि मी बाहेरून बघते तर आतली शिडी, रंगाचे डबे, सगळं जवळजवळ साफ दिसून राहिलं होतं. मला आधी वाटलं काचेचा कोट गेला. कोट वगैरे काही नसतो. सॅन्डब्लास्ट म्हणजे वाळूच्या माऱ्यानं काचेचा वरचा थर खरवडलेला असतो, त्या खड्ड्यांवर उजेड इकडेतिकडे फेकला जातो म्हणून पलीकडचं दिसत नाही, आणि त्या खड्ड्यांत पाणी भरलं की पृष्ठभाग पुन्हा सपाट झाल्यासारखा होतो आणि काच साध्या काचेसारखी वागते. तेलकट हाताचंही तेच, मजुरांच्या बोटांचे डाग असे बसले की साबणानं घासूनही पूर्ण गेले नाहीत. आमच्याकडे सणावाराला दाराला हळदी-कुंकवाची बोटं लागणारच, तेलाचा दिवा दाराशीच, तिथे ही काच टिकली नसती. ॲसिड एचिंगची, म्हणजे ॲसिडनं वरचा थर खाऊन केलेली काच वेगळी, तिला हात लावला तर मऊ, साटीनसारखी लागते, डाग कमी धरते आणि पुसली जाते. दोन्हीला दुकानात फ्रॉस्टेडच म्हणतात, म्हणून विचारून घ्यायचं, आणि कोणतीही घेतली तरी खरबरीत बाजू घराच्या आत.

ती काच काढली. पैसे गेले ते गेले, पण त्यानंतर मी ठरवलं की दुकानात बघून काच घ्यायचीच नाही. पाच प्रकारचे एक बाय एक फुटाचे तुकडे विकत आणले, ॲसिडची फ्रॉस्टेड, उभ्या नळ्यांची फ्लुटेड, बारीक दाण्यांची पिनहेड, ब्राउन टिंटेड आणि एक रिफ्लेक्टिव्ह. कडा घासून घेतल्या. चौकटीच्या रिकाम्या पट्टीत एकेक तुकडा थर्माकोलच्या पट्ट्यांनी अडकवायचा, बाकी जागा पुठ्ठ्यानं बंद करायची, आणि लेकीला आत उभं करून मी गेटवर. आधी काचेपासून एक फूट, मग तीन, मग सहा. ती बोटं दाखवणार आणि मी बाहेरून सांगणार किती. एकदा सकाळी दहाला केलं आणि एकदा रात्री आठला, आत लाइट लावून. घर अजून रिकामंच होतं, एक टेम्पररी बल्ब लटकत होता तोच.

दुकानदारांनी सगळ्यात जास्त गळ घातली होती ती रिफ्लेक्टिव्हची, की ताई बाहेरून आरसा दिसतो, आतलं काहीच दिसत नाही. सकाळी दहाला ते शंभर टक्के खरं निघालं, मला माझाच चेहरा दिसत होता. रात्री आठला लेक सहा फुटांवर उभी होती आणि मी बोटंच काय तिच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचली. कारण ही काच जागा ओळखत नाही, तिला आत-बाहेर काही कळत नाही, जिकडे उजेड जास्त तिकडून ती आरसा आणि जिकडे कमी तिकडून खिडकी. दिवसा बाहेर उजेड जास्त, रात्री घरात. आमच्याच लाइनीत एका घराला समोर पूर्ण अशी काच आहे, रात्री फिरायला निघालं की त्यांच्या टीव्हीवर काय चाललंय ते रस्त्यावरून दिसतं आणि मला खात्री आहे की त्यांना ते माहीतच नाही, आतून त्यांना स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असणार. ब्राउन टिंटेडचंही थोडं तसंच, शिवाय ती दिवसा उजेडच खाते, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप तोच जातो, आणि उन्हात ठेवली की स्वतः तापते.

पिनहेड बरी होती पण एक फुटावर चेहरा पुष्कळच कळतो. फ्रॉस्टेडमधे सहा फुटांवर काहीच नाही, नुसता एक ढग. तीन फुटांवर कोणीतरी आहे इतकंच. पण तिनं तळहात काचेला टेकवला की बोटांच्या रेषा सुद्धा दिसल्या, म्हणजे वस्तू काचेला जितकी जवळ तितकी साफ. फ्लुटेडमधे वेगळंच, रंग दिसतात, हालचाल दिसते, कोणीतरी डावीकडून उजवीकडे गेलं हे कळतं, पण आकार उभ्या पट्ट्यांमधे कापला जातो, चेहरा म्हणून काही उरत नाही. आणि उजेड मात्र जवळजवळ साध्या काचेइतकाच आत येतो.

रात्रीच्या टेस्टमधे अजून एक कळलं आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बल्ब लेकीच्या मागे असला की फ्रॉस्टेडवर तिची सावली सिनेमाच्या पडद्यासारखी उमटायची, हात कुठे, वेणी कुठे, सगळं. तोच बल्ब नवऱ्यानं हातात धरून तिच्यापुढे, दाराकडे आणला की सावली गायब, काच नुसती पांढरी. मग आम्ही पोर्चमधे एक एक्स्टेंशन लावून बाहेरचा बल्ब पेटवला तर बाहेरून काच आणखीच पांढरी झाली, कारण बाहेरचाच उजेड काचेवर पसरून आपल्या डोळ्यात येतो. म्हणजे त्याच काचेला नुसती लाइटची जागा बदलून आम्ही झाकलेली पण करू शकत होतो आणि उघडी पण. इलेक्ट्रिशियनला दुसऱ्याच दिवशी बोलावून हॉलच्या मोठ्या लाइटचा पॉइंट मागच्या भिंतीवरून काढून दाराच्या बाजूला घेतला, आणि पोर्चचा लाइट संध्याकाळी आपोआप लागेल असा सेन्सर टाकला. भिंती रंगवायच्या आधी हे कळलं हे नशीब.

वरच्या झरोक्याला मी साधी काच टाकणार होते, सात फुटांच्या वर कोण बघणार म्हणून. मग समोरच्या घराच्या पहिल्या मजल्याची बाल्कनी आठवली. तिथून तिरपी नजर थेट आमच्या हॉलच्या फरशीवर पडत होती, मी स्वतः त्या काकूंना विचारून वर जाऊन बघून आले. म्हणून झरोक्याला ॲसिडची फ्रॉस्टेड. झरोक्याची मात्र काटकसर करू नका हे मी आवर्जून सांगेन, काचेची वरची कड जितकी उंच तितका उजेड खोलीत आतपर्यंत जातो, आणि फ्रॉस्टेडमुळे तो छतावर पसरून खाली येतो, एका जागी चटका देत नाही. आमच्या हॉलचा मागचा कोपरा, जिथे देवघर आहे, त्याला दिवसा जो काही उजेड मिळतो तो या सव्वा फुटामुळे.

उभ्या पट्टीला फ्लुटेड, पण लॅमिनेटेड. म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म. लोक टफन आणि लॅमिनेटेड एकच समजतात, आम्हीही समजत होतो. टफन काच साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत असते, आणि फुटलीच तर खड्यांसारखे बोथट तुकडे होतात, माणूस सहसा खोल कापला जात नाही. पण फुटली की पूर्ण खाली येते आणि दारात भोक. लॅमिनेटेडला तडे जातात पण तुकडे फिल्मला चिकटून जागेवरच राहतात, चोराला वेळ लागतो आणि आवाज होतो. जिथे माणूस धडकू शकतो तिथे टफन ठीक, जिथे कोणी मुद्दाम फोडू शकतो तिथे लॅमिनेटेड. दर जवळपास दुप्पट पडला पण पट्टी एक फुटाचीच आहे. फ्लुटेडच्या नळ्या आतल्या बाजूला घेतल्या आणि सपाट बाजू रस्त्याकडे, नाहीतर बेसाची धूळ त्या नळ्यांत बसली असती आणि मी ब्रश घेऊन.

झरोक्याची टफन होती आणि तिथे पुन्हा एक घोळ झाला. माप दिलं तेव्हा चौकट नुसती उभी होती, नंतर आतून पट्ट्या लागल्या, आणि काच आली तर चार मिलिमीटर मोठी. मी म्हटलं कापून घ्या ना. टफन काच कापताच येत नाही. ती सहाशे डिग्रीच्या वर तापवून एकदम गार केलेली असते, तिच्या आत ताण कोंडलेला असतो, कुठेही चिरा दिला की पूर्ण काच भुगा. कापणं, भोकं पाडणं, सगळं टफन करायच्या आधी. मग मिस्त्री भाऊंनीच पट्ट्या पुन्हा तासल्या. तर माप चौकटीचं सगळं काम झाल्यावर, तिन्ही ठिकाणी, वर मधे खाली, आणि सगळ्यात लहान जे येईल त्यातूनही थोडं कमी, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं. खरंच टफन दिली का हे बघायचं असेल तर कोपऱ्यात शिक्का असतो, आयएस २५५३ (सुरक्षा काचेचं भारतीय मानक) लिहिलेलं, आणि पोलराइज्ड गॉगल घालून तिरपं बघितलं तर काचेवर पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात, ते साध्या काचेत नसतात. मी नवऱ्याचा बाइकचा गॉगल घालून दुकानात बघितलं.

उन्हाचं एक सांगायचं राहिलं. सगळ्यांनी सांगितलं की उत्तरेचं दार, ऊन येतच नाही, काच बिनधास्त लावा. पण नागपूर कर्कवृत्ताच्या खाली आहे, २१ अंशांच्या थोडं वर. २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या दिवशी भर दुपारी सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलै अर्ध्यावर येईपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा आपल्या उत्तरेला असतो. सूर्य उगवतो आणि मावळतो तर मार्चच्या शेवटापासूनच उत्तरेकडे सरकून. आम्ही पुढच्या वर्षी मेमधेच राहायला आलो आणि पहिल्याच आठवड्यात सकाळी साडेसातला उभ्या काचेतून ऊन थेट सोफ्यावर. फ्रॉस्टेड असो की फ्लुटेड, ती नजर अडवते, उष्णता नाही. दुपारच्या उन्हाला पोर्चचा स्लॅब पुरतो कारण ते वरून येतं, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन त्याच्या खालून येतं. त्यासाठी आम्ही पोर्चच्या पूर्वेला वेल चढवली, मधुमालती, अजून पुरती भरली नाही.

आणि पीपहोल. मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीनं ते पाच फुटांवर पाडायला घेतलं, आई चार फूट आठ इंच. मी तिथे होते म्हणून थांबवलं. आईंना विचारलं कुठे पाहिजे, तर त्या म्हणाल्या, "त्या भोकात डोया लावून मले काई दिसत नाई. कोन आलं ते बसल्या जागी दिसलं पायजे ना." तेव्हा मला कळलं की मी दोन महिने फक्त बाहेरून आत काय दिसतं तेच तपासत होते, आतून बाहेर काय दिसतं ते एकदाही नाही. मग तुकडे परत काढले, आईंना त्यांच्या खुर्चीवर बसवलं आणि लेक पोर्चमधे. दिवसा बाहेर उजेड जास्त असल्यामुळे फ्रॉस्टेडमधून आईंना नुसती राखाडी सावली दिसायची पण फ्लुटेडमधून रंग कळायचा, उंची कळायची, चालणं कळायचं. लेक आहे की नवरा आहे हे त्यांनी दहापैकी दहा वेळा बरोबर सांगितलं. उभ्या पट्टीसाठी माझ्या मनात तोवर फ्रॉस्टेडच होती, ती त्या दुपारी बदलली. पट्टीही खाली दीड फुटापासून सुरू केली, म्हणजे बसलेल्या माणसाच्या नजरेला यावी. पीपहोल दोन पाडले, एक आमच्यासाठी, एक त्यांच्यासाठी, त्यांचं त्या वापरत नाहीत.

आता सकाळी सव्वासहाला पोर्चचा लाइट अजून चालू असतो, मी आत कणीक मळत असते, बेल वाजायच्या आधीच खुर्चीवरून आवाज येतो, "दूधवाला आला वं, आज त्याचा पोरगा आहे."